हात थरथरतात? इसेन्शियल ट्रेमरवर ऑपरेशनशिवाय काय काय करता येतं

इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काही करायला गेलं की हात थरथरण्याचा आजार, असलेल्या बहुतेक लोकांना ऑपरेशनची वेळ कधीच येत नाही, आणि तरीही कितीतरी जण वर्षानुवर्षं काहीच न करता बसून राहतात कारण कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की वयाचं आहे, याला काही औषध नाही. औषध आहे. मुळापासून बरं करणारं नाही हे खरं, पण कप धरता येईल, सही करता येईल, शर्टाचं बटण लावता येईल इतपत फरक पाडणारं नक्की आहे. मला स्वतःला हा त्रास आहे, आमच्या घरात आधीच्या पिढीतही होता (साधारण निम्म्या लोकांच्या घरात तो आधी कुणाला ना कुणाला असतोच), त्यामुळे हे अगदी कळकळीने लिहितेय. खाली औषधांचे डोस दिलेत ते फक्त डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, स्वतःच्या मनाने सुरू करायला नाही.

आधी हा तोच आजार आहे ना ते बघून घ्या

हात थरथरले की घरातले लगेच पार्किन्सन म्हणून घाबरतात. फरक साधा आहे. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो, सुरुवात बहुधा एका बाजूने होते, हालचाली मंदावतात, अंग आखडतं, अक्षर बारीक बारीक होत जातं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये उलट, हात निवांत असला की शांत असतो आणि काही करायला गेलं की थरथरतो, पेला उचलला, चमचा तोंडाजवळ नेला, सुईत दोरा ओवायला घेतला की सुरू, आणि अक्षर बारीक न होता मोठं आणि वाकडंतिकडं होतं. थरथर दोन्ही हातांत असते, एका हातात जास्त असू शकते. काहींची मान हलते, 'नाही नाही' किंवा 'हो हो' म्हटल्यासारखी, काहींचा आवाज कापतो. अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांची मान आणि आवाज असाच कापायचा, त्यांनाही पार्किन्सनच आहे असं लोक धरून चालायचे. हा दुर्मिळ प्रकार अजिबात नाही, साधारण शंभरात एकाला असतो आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं, पण तरुणपणीही सुरू होऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पंप सोबत न्या, सगळ्या म्हणजे सगळ्या. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप आणि थिओफायलिन, फिटचं व्हाल्प्रोएट, मनाच्या आजाराचं लिथियम, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, डिप्रेशनच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, या सगळ्यांनी हात थरथरू शकतात आणि अशा वेळी खरा उपाय म्हणजे डॉक्टरांनी ते औषध बदलणं किंवा डोस कमी करणं. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अगदी असंच होतं म्हणून ती रक्ततपासणी हवीच. वय चाळीशीच्या आत असेल तर विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणारा आजार, तो नाही ना हेही बघतात, कारण त्याला वेगळे आणि चांगले उपचार आहेत. निदान पक्कं करायला हल्ली दोन्ही हातांची थरथर किमान 3 वर्षं असावी असा निकष धरतात, त्यामुळे डॉक्टर लगेच शिक्का मारत नसतील तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

आणि एक, थरथर अचानक एका दिवसात सुरू झाली, किंवा सोबत बोबडं बोलणं, एका बाजूला अशक्तपणा, तोल जाणं असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

गोळी सुरू करायच्या आधी कामं ठरवा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि यावर फार कमी लोक बोलतात. थरथर शून्य व्हावी अशी अपेक्षा ठेवून औषध सुरू केलं की हमखास निराशा होते आणि चांगलं लागू पडणारं औषधही लोक सोडून देतात. त्यापेक्षा तीन कामं ठरवा जी तुम्हाला परत करता यायला हवीत. उदाहरणार्थ फॉर्म भरणं, चारचौघांत न सांडता पाणी पिणं, मोबाईलवर नीट टाइप करणं. औषधाने ही कामं सोपी झाली का, एवढंच बघायचं.

मोजायची पद्धत डॉक्टर वापरतात तीच घरी वापरता येते. कोऱ्या कागदावर मधून सुरू करून बाहेर जाणारं गोल गोल चक्र काढायचं, नेहमीचं पेन, मनगट आणि कोपर कागदाला किंवा टेबलाला न टेकवता. हे न टेकवणं महत्त्वाचं आहे कारण हात टेकला की थरथर दबते आणि चित्र खोटं येतं. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, खाली तारीख, वेळ, आणि कोणतं औषध किती चालू आहे ते. त्याच कागदावर एक ठरलेलं वाक्य लिहा. मग एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओता आणि कुणालातरी त्याचा व्हिडिओ काढायला सांगा. औषध सुरू करायच्या आधी एकदा आणि मग प्रत्येक डोस वाढवल्यावर साधारण त्याच वेळेला परत. असे चार-पाच कागद शेजारी शेजारी ठेवले की रेषेचे दात कमी झालेत का ते डोळ्यांना दिसतं, नाहीतर 'थोडं बरं वाटतंय बहुतेक' यापलीकडे आपल्याला काहीही सांगता येत नाही आणि डॉक्टरही मग अंदाजाने डोस ठरवतात.

त्रास इतका कमी असेल की एकही काम अडत नाही, तर औषध न घेणं हासुद्धा योग्य निर्णय आहे, आज नाही घेतलं म्हणून आजार जास्त वाढेल असं काही नसतं.

प्रोप्रॅनोलॉल

बहुतेकांना पहिल्यांदा हेच मिळतं. मुळात हृदयाचं औषध, 1960च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलेलं, पुढे 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. हाताच्या स्नायूंवर ॲड्रेनलिनचा जो परिणाम होतो तो हे अडवतं आणि थरथरीची झेप कमी होते, थरथरीचा वेग साधारण तोच राहतो, फक्त हात कमी अंतर हलतो.

सुरुवात अगदी कमी डोसने करतात, 10 ते 20 मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, आणि मग हळूहळू वाढवत नेतात. फायदा होणारा डोस दिवसाला 60 पासून 320 मिलिग्रॅमपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणूनच 20-20 मिलिग्रॅमवर महिनाभर राहून 'मला लागू पडलं नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते की डोस वाढवून बघितला का. दिवसातून एकदा घ्यायची हळूहळू विरघळणारी कॅप्सूलही असते, गोळ्या विसरणाऱ्यांना ती बरी पडते.

कुणी घेऊ नये ते नीट वाचा: दमा असेल तर नाही, नाडी आधीच खूप संथ असेल किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडखळणं, रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे) असेल तर नाही. डायबेटिस असणाऱ्यांनी डॉक्टरांना आठवणीने सांगायचं, कारण साखर कमी झाल्यावर जी धडधड आणि थरथर होऊन आपल्याला कळतं ती या गोळीने झाकली जाते, घाम तेवढा सुटत राहतो, म्हणून घाम सुटला की साखर तपासायची सवय लावून घ्या. थकवा, हातपाय गार पडणं, उठल्यावर गरगरणं, विचित्र स्वप्नं, लैंगिक तक्रारी असे त्रास होऊ शकतात. शेवटची तक्रार लोक लाजून सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात, ते सगळ्यात वाईट, कारण हे औषध एकदम बंद करायचं नसतं, हृदयावर ताण येऊ शकतो, बंद करायचं असेल तर टप्प्याटप्प्याने.

रोज घ्यायची गरज नसलेल्यांसाठी एक चांगली सोय आहे. भाषण, मुलाखत, लग्नसमारंभ असं काही असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ते 40 मिलिग्रॅमचा एकच डोस साधारण तासभर आधी घेता येतो. पण कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, आधी एखाद्या मोकळ्या दिवशी घरी घेऊन बघा अंगाला कसं मानवतं ते.

प्रिमिडोन

हे फिटचं औषध. प्रोप्रॅनोलॉलच्या बरोबरीचं आहे आणि दमेकऱ्यांना बहुतेक वेळा याच्यापासूनच सुरुवात करतात. याचा घोळ पहिल्या रात्री होतो: काही जणांना पहिल्याच डोसला मळमळ, चक्कर, दारू प्यायल्यासारखा झोक जाणं असं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी गोळी फेकून देतात. हा त्रास बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. म्हणून सुरुवात अगदी चिमूटभर, 50 मिलिग्रॅमची गोळी असेल तर तिची पाव किंवा अर्धी, म्हणजे 12.5 ते 25 मिलिग्रॅम, तीही झोपताना, पाण्याचा पेला आणि दिवा हाताशी ठेवून, रात्री बाथरूमला उठायचं झालं तर भिंत धरून. वयस्कर माणूस असेल तर पहिल्या काही रात्री कुणीतरी जवळ झोपावं असं मी आवर्जून सांगेन, पडून हाड मोडलं तर थरथरीपेक्षा मोठं दुखणं होऊन बसतं. पुढे आठवड्या-आठवड्याने वाढवत बहुतेकांचं 250 मिलिग्रॅमच्या आसपास भागतं, काहींना 750 पर्यंत लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या आणि इतर बऱ्याच औषधांचा परिणाम प्रिमिडोनमुळे कमी होऊ शकतो, त्यामुळे इथेही औषधांची पूर्ण यादी दाखवल्याशिवाय सुरू करू नका. पोर्फिरिया (रक्तातला एक घटक नीट न बनण्याचा दुर्मिळ आजार) असणाऱ्यांनी घ्यायचंच नाही. आणि हेही एकदम बंद करायचं नसतं.

दोन्ही औषधांचा हिशोब ढोबळमानाने असा, की घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो आणि ज्यांना पडतो त्यांची थरथर साधारण निम्म्यावर येते. एकाने थोडाच फरक पडला तर दोन्ही एकत्रही देतात. मान आणि आवाजावर मात्र गोळ्यांचा परिणाम हातापेक्षा कमी दिसतो.

ही दोन्ही चालली नाहीत तर

टोपिरामेट हे पुढचं नाव. फायदा दिसायला बऱ्याचदा दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर जावं लागतं आणि तिथे पोचेपर्यंत बोटांना मुंग्या, भूक कमी, वजन कमी आणि ऐनवेळी शब्द न आठवणं असा त्रास बऱ्याच जणांना होतो. ज्यांचं काम बोलण्याचं आहे, शिक्षक, वकील वगैरे, त्यांनी हा मुद्दा आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावा. किडनी स्टोन झालेला असेल किंवा काचबिंदू असेल तर सांगा, गरोदरपणाचा विचार असेल तरी सांगा. गॅबापेंटिन काहींना चालतं, काहींना नाही. ज्यांना प्रोप्रॅनोलॉल सोसत नाही त्यांना ॲटेनोलॉल किंवा सोटालॉल देऊन बघतात. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांनी थरथर कमी होते हे खरं, पण सवय लागते, झोप येते, म्हातारपणी पडायचा धोका वाढतो, त्यामुळे रोजच्या वापरासाठी मला ती पटत नाहीत, डॉक्टर देत असतील तर किती दिवसांसाठी ते स्पष्ट विचारून घ्या.

बोटॉक्सची इंजेक्शनं

सुरकुत्यांसाठी वापरतात तेच, इथे थरथरणाऱ्या स्नायूंमध्ये थोडं थोडं देतात. मान हलत असेल किंवा आवाज कापत असेल तर मी याचा विचार लवकर करायला सांगेन कारण तिथे गोळ्या कमी पडतात. परिणाम साधारण 3 महिने टिकतो, मग परत घ्यावं लागतं. हाताला दिलं तर पकड कमजोर होण्याचा त्रास होऊ शकतो, बोटांत जोर राहत नाही, आणि आवाजासाठी स्वरयंत्रात दिलं तर काही दिवस आवाज हवा गेल्यासारखा होतो आणि गिळताना ठसका लागतो. सगळा खेळ देणाऱ्याच्या हातावर आहे, म्हणून हालचालींच्या आजारांसाठी नेहमी बोटॉक्स देणारा न्यूरॉलॉजिस्ट शोधा, आणि सुईची जागा ईएमजी (स्नायूतले विजेचे संदेश मोजणारी तपासणी) किंवा सोनोग्राफीने बघून देता का, हे आधी विचारा.

मनगटावरचं यंत्र

घड्याळासारखा पट्टा मनगटाला बांधायचा, तो मनगटातून जाणाऱ्या नसांना बारीक करंट देतो, साधारण 40 मिनिटांचं एक सेशन, त्यानंतर काही वेळ थरथर कमी राहते. अमेरिकेत 2018 मध्ये अशा पट्ट्याला परवानगी मिळाली. शरीरात औषध जात नाही हा मोठा फायदा, त्रास म्हणजे कातडीला खाज किंवा लाली. पेसमेकर असेल तर वापरायचा नाही. काहींना छान उपयोग होतो, काहींना जवळजवळ नाही, म्हणून परत करायची सोय असेल तरच पैसे घाला.

कामं करायची पद्धत बदला

ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं सोप्या पद्धतीने करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे, एक-दोनदा तरी जा, या आजारात त्यांच्याकडे फार कमी लोक जातात आणि फायदा मात्र त्याच दिवशी दिसतो. तत्त्व एकच, हात हवेत जितका लांब आणि मोकळा तितका तो जास्त हलतो, म्हणून हाताला टेकू द्या.

प्यायचं कसं ते सांगते. कप अर्धाच भरा. कान असलेला कप एका बोटाने धरण्यापेक्षा जाड बुडाचा मग दोन्ही तळव्यांत धरा. दोन्ही कोपरं बरगड्यांना दाबून घ्या किंवा टेबलावर टेकवा, आणि कप तोंडापर्यंत लांबून आणण्यापेक्षा मान थोडी खाली आणून तोंड कपाकडे न्या. गरम असेल तर झाकणाचा मग, बाहेर असाल तर स्ट्रॉ मागायला अजिबात संकोच करू नका. ओठाजवळ आल्यावर थरथर सगळ्यात जास्त होते, हे या आजाराचं लक्षणच आहे, त्यामुळे शेवटचे चार इंच हळू करा.

जेवताना कडा असलेलं खोलगट ताट, खाली न सरकणारी रबरी चटई, जाड मुठीचा चमचा. जड चमचे आणि मनगटाला बांधायची वजनं काहींना खूप उपयोगी पडतात आणि काहींचा हात नुसता दुखतो, आधी कुणाकडून मागून वापरून बघा. दांड्यात सेन्सर आणि मोटर असलेले चमचेही निघालेत, हात डावीकडे गेला की चमच्याचं टोक उजवीकडे सरकतं आणि घास चमच्यातच राहतो, थरथर मध्यम असेपर्यंत ते छान चालतात, खूप मोठी असेल तर नाही.

लिहायला जाड आणि थोडं जड पेन, मनगट आणि अख्खा पुढचा हात टेबलावर टेकवून, दुसऱ्या हाताने मनगट धरलं तरी चालतं. दाढीसाठी इलेक्ट्रिक शेवर, दातांना इलेक्ट्रिक ब्रश, बटणांऐवजी चेन किंवा वेल्क्रो. फोनवर बोलून टाइप करा, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श किती वेळ धरल्यावर ओळखायचा ती वेळ वाढवा, म्हणजे चुकून लागलेली बोटं मोजली जात नाहीत. कॉम्प्युटरवर माउसचा वेग कमी करा आणि कीबोर्डचं फिल्टर कीजचं सेटिंग चालू करा, एकच अक्षर तीनदा उमटणं बंद होतं.

चहा-कॉफी, झोप, दारू, टेन्शन

कॅफिनने सगळ्यांचीच थरथर वाढते असं नाही, दोन आठवडे बंद करा आणि तेच चक्र काढून बघा, फरक नसेल तर उगाच पथ्य पाळू नका. झोप कमी झाली, उपाशी राहिलं, खूप दमलं की मात्र बहुतेकांची वाढते. हातांचे हलके व्यायाम, छोटी डंबेल वगैरे, यांनी बारीक कामातला नेमकेपणा सुधारल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय, करायला हरकत नाही.

दारूचं स्पष्ट बोलायला हवं. निम्म्याहून जास्त लोकांची थरथर थोड्याशा दारूने तात्पुरती कमी होते आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. उतरली की थरथर आधीपेक्षा जोरात येते, मग परत घ्यावीशी वाटते, आणि प्रिमिडोन किंवा क्लोनाझेपामसोबत तर ती जीवावर बेतू शकते. औषध म्हणून दारू नको. कमी होते ही माहिती डॉक्टरांना मात्र द्या, निदानाला तिचा थोडा उपयोग होतो.

टेन्शनने थरथर वाढते, पण टेन्शनमुळे ती झालेली नसते, हे घरच्यांनाही वाचून दाखवा. 'घाबरू नकोस, शांत हो' म्हटल्याने हात थांबत नाही, उलट सगळे बघतायत हे कळून अजून हलतो. समोरच्याला आधीच एका वाक्यात सांगून टाकणं, 'माझा हात थरथरतो, जुना त्रास आहे, घाबरायचं काही नाही', याने खूप मोकळं वाटतं. लोकांत जेवायला जाणं, बाहेर पडणंच बंद झालं असेल तर काउन्सेलरची मदत घ्या, तोही उपचाराचाच भाग आहे.

ऑपरेशनचा विषय कधी काढायचा

प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन, दोन्ही पुरेशा डोसला आणि पुरेसे दिवस घेऊन झाले, किंवा घेताच येत नाहीत, पुढचं एखादं औषध किंवा बोटॉक्सही बघून झालं, आणि तरी जेवण, कपडे, लिहिणं अडतंय, तेव्हा. एक गैरसमज मात्र ठेवू नका. फोकस्ड अल्ट्रासाउंडची जाहिरात बिनटाक्यांचा उपचार अशी होते आणि कवटीला भोक पाडत नाहीत हे बरोबर, पण एमआरआयमध्ये बघत मेंदूचा एक ठिपका कायमचा जाळला जातो, तो परत येत नाही, आणि चालताना तोल जाणं किंवा तोंडाला-बोटांना बधिरपणा असे त्रास काहींना राहतात. त्याला गोळीसारखं 'करून बघू' म्हणून जाऊ नका. डीप ब्रेन स्टिम्युलेशन या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कवटीतून मेंदूत तार घालतात, पण करंट कमी-जास्त किंवा बंद करता येतो. या भेटीला जाताना तारखा घातलेले चक्रांचे सगळे कागद, प्रत्येक औषधाचा किती डोस किती दिवस घेतला आणि का थांबवला ते लिहिलेलं एक पान, आणि पाणी ओततानाचा व्हिडिओ सोबत न्या.